नेमबाजीसाठी पॉइंट २२ रायफल: काय बघून घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, वय २४, कॉलेजात एनसीसीत पॉइंट २२ (नळीचं माप ०.२२ इंच) चालवलेली, घरी शेती. आता कागदी टार्गेटवर नियमित नेमबाजी करायची आहे आणि जमलं तर जिल्हा-राज्य पातळीच्या स्पर्धेत उतरायचं आहे. इंडियन ऑर्डनन्सची (सरकारी शस्त्र कारखान्यांची) नवी रायफल घ्यावी की जुनी ब्रनो? दुर्बीण लावावी का? सराव वावरात केला तर चालेल का? आणि तीच रायफल रानडुकरांच्या राखणीला कामी येईल का?

शेवटचे दोन प्रश्न आधी निकालात काढू, कारण दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे.

वावरात सराव करायचा नाही. पॉइंट २२ ची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची दिसते, पण नळी थोडी वर राहिली तर ती दीड किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्याकडे रान सपाट, तूर-कपाशीच्या आड माणूस दिसत नाही, आणि धुऱ्यावर मुरूम नाहीतर काळा दगड. शिशाची मंद गोळी दगडावर किंवा उन्हाळ्यात टणक झालेल्या ढेकळावर आपटून कुठेही उसळते, पाण्यावरूनही उसळते. मागे मातीचा ठोस भराव आणि दोन्ही बाजूंना आडोसा असलेली मंजूर रेंज, एवढीच सरावाची जागा. क्रीडा कारणासाठी मिळालेल्या परवान्यालाही दुसरी जागा मान्य नाही.

राखणीचं म्हणाल, तर या काडतुसाची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साधारण १४० जूल. त्यात रानडुक्कर जागेवर पडत नाही, जखमी होऊन पळतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर येतं. रोह्याची (नीलगायीची) तर गोष्टच सोडा. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच, वन खात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडणं हा गुन्हा. पीक संरक्षणाचा परवाना ही वेगळी बाब आहे. अर्जात दोन्ही कारणं एकत्र लिहिली की अर्ज अडकतो.

आता मुद्द्याचं. नव्या माणसाची बरीचशी चौकशी मेकवर खर्च होते. प्रत्यक्षात ५० मीटरवरचे गुण चार गोष्टींवर ठरतात: रायफल अंगाला बसते का, ट्रिगर स्वच्छ सुटतो का, नळीला मानवणारं काडतूस सापडलं का, आणि आठवड्याला किती फैरी रेंजवर होतात. मेकचा नंबर यानंतर लागतो. चौथी गोष्ट तर रायफल घेण्याच्या आधीच ठरते, म्हणून क्रमाने घ्या.

पहिलं काम रायफल क्लबचं सभासदत्व. क्लब जिल्हा किंवा राज्य संघटनेशी जोडलेला हवा. महाराष्ट्रात राज्य संघटना म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि देशात १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. या साखळीत नाव नसेल तर स्पर्धेची प्रवेशिका जात नाही आणि परवान्याच्या अर्जातला 'टार्गेट शूटिंग' हा शब्द नुसता कागदावर राहतो. क्लबला विचारायचा प्रश्न एकच: ५० मीटरची रेंज महिन्यातून किती वेळा मिळते? विदर्भात १० मीटरच्या रेंजा त्या मानाने सहज भेटतात, ५० मीटरसाठी बरेचदा दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. महिन्यातून एकदा जाणं होत असेल तर स्वतःची पॉइंट २२ अजून घेऊ नका. क्लबची चालवा, आणि घरी १० मीटरची एअर रायफल.

ही एअर रायफल काही दुय्यम वस्तू नाही. बोअर (नळीचं आतलं माप) ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि ऊर्जा २० जुलांच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात जुलांवर चालते. गोडाऊनमध्ये किंवा लांब पडवीत १० मीटर सहज निघतात. मागे जाड लोखंडी पत्र्याचा पेलेट-ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) लावा आणि त्या बाजूचं दार बाहेरून कुलूपबंद करा. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे उभ्याने धरण्यातली प्रत्येक चूक कागदावर उमटते. उभं राहणं, श्वास, ट्रिगर आणि शॉट सुटल्यानंतर नेम धरून ठेवणं यातलं बहुतेक इथेच शिकून होतं. पॉइंट २२ मध्ये त्यावर वारा आणि काडतूस यांची भर पडते.

परवान्याचं थोडक्यात. स्वतःच्या नावावर परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं, तुमचं आहे. धाकट्या भावंडांना शिकवायचं असेल तर १२ वर्षांपासून देखरेखीखाली रेंजवर सराव करता येतो. ग्रामीण जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, नागपूर आणि अमरावती शहरांत पोलिस आयुक्तालयातून. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, सोबत क्लबचं पत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडायचं, मग पोलिस पडताळणी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि सर्वसाधारण माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. परवाना हातात आल्यावर तीन रकाने तिथेच उभं राहून वाचा: शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा आणि क्षेत्र. क्षेत्र फक्त जिल्ह्यापुरतं लिहिलं असेल तर पुण्याला बालेवाडीच्या रेंजवरसुद्धा ती रायफल नेता येणार नाही. काडतुसांची मर्यादा तुटपुंजी असेल तर क्लबच्या पत्रासह वाढीसाठी लगेच अर्ज करा. एक गंभीर सराव सत्र म्हणजे ६० ते ८० फैरी, म्हणजे ५० ची एक डबी संपून दुसरी फोडावी लागते.

आता रायफल. मनासारखी नवी परदेशी रायफल मागवता येत नाही. आयातीची वाट संघटना आणि राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले पात्रता गुण मिळवलेले नामवंत नेमबाज यांच्यासाठी आहे. म्हणून अ‍ॅन्शुट्झ १९१३, वॉल्थर केके ५०० किंवा फाइनवेर्कबाउ यांचे व्हिडिओ बघून जीव कासावीस करू नका. क्लबकडे एखादी असेल तर तीवर हात बसवा. तुमच्यासारख्याला खरे पर्याय दोनच उरतात, तेच तुम्ही विचारले आहेत.

इंडियन ऑर्डनन्सची स्पोर्टिंग रायफल बोल्ट ॲक्शन (दर फैरीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) आहे आणि नवी मिळते. कागदपत्रं स्वच्छ, सुटे भाग देशात, दुसऱ्याने काय केलं असेल ही धास्ती नाही. कमतरता अशी की ट्रिगर जड आणि थोडा खरखरीत निघू शकतो, दस्त्याची उंची उघड्या साइटला (नेम धरायच्या खुणेला) धरून ठेवलेली असते, आणि नगागणिक फरक पडतो. डीलरकडे दोन-तीन नग असतील तर तिन्हींचे बोल्ट आणि ट्रिगर हाताने तपासून निवडा. पहिला नग बांधून घेऊन येऊ नका.

जुनी ब्रनो, विशेषतः मॉडेल २, ही चेकोस्लोव्हाकियाची. तिच्याच वंशातून पुढे सीझेड ४५२ आली. नळ्या चांगल्या, ॲक्शन साधी आणि दणकट, रिसीव्हरवर बहुधा साइट बसवायची खाच असते. अडचण वयाची आहे. पन्नास-साठ वर्षांत किती हात फिरले आणि नळीत काय काय घातलं गेलं याचा हिशेब नाही. चांगली ब्रनो मिळाली तर मी तिलाच झुकतं माप देईन. पण 'चांगली' हे बघून ठरवायचं, विकणाऱ्याच्या बोलण्यावर नाही. सेमी-ऑटोच्या (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीच्या) वाटेला जाऊ नका. कागदी टार्गेटला तिचा फायदा शून्य, आणि परवान्याच्या वर्गवारीत वेगळा घोळ.

जुनी रायफल बघायला जाताना छोटा टॉर्च, थोडा कापूस, क्लीनिंग रॉड, पांढरे कापडी पॅच आणि मोजपट्टी घ्या. मालकाचा परवाना बघून, त्याच्यासमोर बसूनच तपासा.

आधी बोल्ट काढून नळीत मागून बघा. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या) पुढच्या पाच-सात सेंटीमीटरमध्ये काळे ठिपके, खड्डे दिसले तर तिथे शिसं साचणार आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा झुबका, फुटणार. नळीत मध्येच अंगठीसारखी काळी गोल सावली दिसली तर नळी फुगलेली आहे. अर्धी अडकलेली गोळी आत असताना दुसरी झाडली की हे होतं. अशी रायफल फुकट दिली तरी घेऊ नका. मग कोरडा पॅच हळूहळू ढकला. दाब सगळीकडे सारखा लागायला हवा, किंवा तोंडाकडे किंचित घट्ट. तोंडाकडे ढिला पडत असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं पुढून रॉड घासला आहे. नळीच्या तोंडाच्या कडेवर कापूस गोल फिरवा. तंतू अडकला की तिथे टवका आहे. हा दोष मात्र जीवघेणा नाही, चांगला गनस्मिथ तोंड नव्याने कापून देतो.

पुढचा दोष पॉइंट २२ चा खास. रिमफायर काडतुसाला मधोमध प्रायमर नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो, आणि फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर दाबते. रिकाम्या चेंबरवर वर्षानुवर्षं ट्रिगर ओढलेला असेल तर पिन थेट काठावर आपटून तिथे खळगा पडतो आणि धातू चेंबरच्या आत सरकतो. ओळखायची खूण: काडतूस आत जाताना एका बाजूने अडतं, आणि रिकाम्या पुंगळीवर रोज एकाच जागी लांब ओरखडा दिसतो. थोडं असेल तर दुरुस्त होतं, खळगा खोल असेल तर मिसफायर पाठ सोडत नाहीत. तुम्ही ड्राय फायरिंग (काडतुसाशिवाय ट्रिगरचा सराव) करणार असाल तर प्लॅस्टिकचा स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालूनच करा.

नंतर बोल्ट. बंद करून हँडल हलवा, थोडी खेळ चालते, खडखडाट नाही. एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने) स्नॅप कॅप घट्ट धरून बाहेर काढायला हवा. शेवटी सुरक्षिततेची चाचणी. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट कॉक करा, सेफ्टी काढा, नळी सुरक्षित दिशेला धरून बट (दस्त्याचं खांद्याकडचं टोक) रबराच्या मॅटवर सात-आठ वेळा आपटा. एकदा जरी पिन सुटली तर ट्रिगरशी कुणीतरी खेळलं आहे. स्प्रिंग कापून 'हलका' केलेला ट्रिगर गावोगाव सापडतो आणि तो धोकादायक असतो.

व्यवहार ठरला तरी पैसे देऊन रायफल उचलून आणायची नाही. विकणाऱ्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, त्याला ४५ दिवसांची मुदत आहे, आणि नळीवरचा क्रमांक दोन्ही परवान्यांवर अक्षर-न्-अक्षर जुळला पाहिजे. जुन्या परवान्यांत हाताने लिहिलेला एखादा आकडा चुकलेला असतो. तो तहसील-कलेक्टर कचेरीत आधी दुरुस्त करून घ्या.

अंगाला बसण्याचं गणित. कोपर काटकोनात वाकवा, बट कोपराच्या खोलगट भागात टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर नैसर्गिक पडायला हवं. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला बटपासून ट्रिगरपर्यंत साधारण ३३ सेंटीमीटर लागतात, नेमबाजीचं जाड जॅकेट घातलं की एक-दीड सेंटीमीटर कमी. दस्ता लांब पडत असेल तर सुतार कापून देतो, आखूड असेल तर बटखाली लाकडी चकत्या टाकता येतात. त्याहून महत्त्वाची गालाची उंची. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, मग डोळे उघडा. साइटच्या मधोमध नजर पडली तर ठीक. मान उचलून शोधावी लागत असेल तर दस्त्यावर फोमची पट्टी आणि वरून चामड्याचा पट्टा बांधा, अर्धा-अर्धा सेंटीमीटर वाढवत जा. दर शॉटला गाल वेगळ्या जागी पडला तर दुनियेतली कोणतीही नळी ग्रुप लावणार नाही.

ट्रिगर. स्पर्धेच्या रायफलींचे ट्रिगर शंभर-दीडशे ग्रॅमवर सुटतात. त्या मागे लागू नका. सातशे ग्रॅम ते एक किलो, पण खरखर न करता एकाच जागी तुटणारा, हा सुरुवातीला उत्तम. किराणा दुकानातला हुकवाला स्प्रिंगकाटा ट्रिगरला अडकवून दहा वेळा मोजा. आकड्यातला फरक शंभर ग्रॅमच्या आत असेल तर वजन जास्त असलं तरी चालवून घ्या. फरक जास्त असेल तर गनस्मिथकडे पॉलिश करून घ्या, घरी कानस लावू नका.

दुर्बीण लावावी का? स्पर्धेचा इरादा असेल तर नाही. आंतरराष्ट्रीय नियमांच्या ५० मीटर प्रोन (पालथं पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) या दोन्ही प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल रिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते याच पद्धतीने, आणि २०१० मध्ये तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये जगज्जेती झाली तेही. पुढच्या रिंगचं माप नवा माणूस नेहमी चुकवतो. बारीक रिंग घेतली की नेम अचूक वाटतो, पण काळं वर्तुळ आणि रिंग यांच्यामधली पांढरी कड दिसेनाशी होते आणि डोळा फसतो. ३.६ ते ४ मिलिमीटरपासून सुरू करा, आणि पांढरी कड चारही बाजूंनी ठळक दिसते का बघा. दुर्बीण निव्वळ मौजेसाठी किंवा काडतूस तपासण्यासाठी घेतलीच तर रिमफायरसाठीची घ्या. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीचा पॅरलॅक्स १०० यार्डांवर बांधलेला असतो, ५० मीटरवर डोळा हलला की क्रॉसही हलतो.

आता काडतूस, कारण रिमफायरमध्ये खरी निवड इथे होते. मोठ्या बोअरचं काडतूस हाताने पुन्हा भरता येतं, दारू-गोळी नळीच्या मर्जीनुसार बदलता येते. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्यातून जे आलं ते आलं, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या डबीचे दोन लॉट (वेगवेगळ्या खेपेत बनलेला माल) एकाच रायफलीत वेगळा ग्रुप लावतात.

पहिला नियम वेगाचा. टार्गेटला स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास सुटते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येते. त्या टप्प्यावर गोळी डगमगते. ध्वनीचा वेग १० अंशांना ३३७ मीटर आणि ४५ अंशांना ३५८ च्या आसपास असतो, त्यामुळे स्टँडर्ड गोळी आपल्या हिवाळ्यातही आणि अकोल्याच्या मे महिन्यातही त्याखालीच राहते. खडकीच्या कारखान्याचं देशी काडतूस सरावाला चांगलं पडतं. संघटनेमार्फत एली, आरडब्ल्यूएस, एसके किंवा लापुआ यांचं परदेशी काडतूस मिळालं तर त्यातली सर्वात महागडी डबी आधी उचलू नका. स्पोर्टिंग नळीत मधल्या दर्जाचं काडतूस महागड्याची बरोबरी करतं, कधी मागेही टाकतं.

तपासायची पद्धत अशी. वारा नसलेली पहाट, ५० मीटर, प्रोन, पुढे वाळूची पिशवी, मागे छोटी पिशवी. काडतूस बदललं की नळीतलं जुनं मेण निघून नवं बसायला १० ते १५ फैरी जातात, त्या मोजायच्या नाहीत. मग पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक वेगळ्या टार्गेटवर. सर्वात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ५.६ मिलिमीटर वजा करा, पाचही ग्रुपची सरासरी काढा. एकच सुरेख ग्रुप वहीत चिकटवून ठेवण्याला अर्थ नाही, पाचांपैकी सर्वात वाईट ग्रुप काडतुसाची खरी लायकी सांगतो.

आकड्यांचा अर्थ लावायचा तर टार्गेट बघा. ५० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. म्हणून १६ मिलिमीटरचा ग्रुप मधोमध बसला तर सगळे दहा. पिशवीवरून स्पोर्टिंग रायफल २५ लावत असेल तर सरावाला पुरेशी, २० च्या खाली आली तर जिल्हा स्पर्धेला बिनधास्त न्या. तिथून पुढे रायफल तुम्हाला मागे ओढत नाही. मानवलेला लॉट सापडला की परवान्याच्या मर्यादेत तोच जेवढा घेता येईल तेवढा घ्या, डब्यांवरचा लॉट क्रमांक जुळवून.

काडतुसांचं वजन करून, कडेची जाडी मोजून निवडण्याचा उद्योग अनेकजण करतात. माझ्या मते तो वेळ ड्राय फायरिंगला द्यावा.

वाऱ्याचं एक माप डोक्यात ठेवा. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असेल, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल एवढा, तरी ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिलिमीटर सरकते. टार्गेटवर एका गुणाची पट्टी ८ मिलिमीटरची. म्हणजे झाडाचं पान हलवणारी झुळूक नऊवर नेते, आणि तुम्ही ट्रिगरला दोष देत बसता. सुतळीला हलकी रिबन बांधून २५ मीटरवर काठी रोवा. रिबन एका ठरावीक कोनात असेल तेव्हाच शॉट सोडायची सवय लावा. दर शॉटला साइटचे क्लिक फिरवत बसलात तर गणित कुठे हरवलं ते कळणार नाही.

मिसफायर झाला तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. काडतूस फिरवून, कडेची दुसरी बाजू वर करून पुन्हा लावता येतं. रिमफायरमध्ये कडेतला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसला की हे होतं. त्याहून घातक म्हणजे आवाज 'फुस्स' येणं. तिथेच थांबा, रायफल रिकामी करा आणि मागून रॉड घालून नळी मोकळी आहे हे बघितल्याशिवाय पुढचं काडतूस घालू नका.

आपल्या हवेचं थोडं सविस्तर, कारण इथे चांगल्या रायफली नासतात. लाकडी दस्ता मे महिन्यात आकसतो, जुलै-ऑगस्टमध्ये फुगतो. ॲक्शनचे स्क्रू तेवढ्यात ढिले किंवा जास्त घट्ट होतात आणि झिरो (साइटचा जुळवून ठेवलेला नेम) सरकतो. एखाद दिवशी ग्रुप आडवा-उभा फुटायला लागला तर काडतुसाच्या आधी स्क्रू तपासा. छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या, ज्या ताणावर रायफल चांगली लागते तो आकडा वहीत लिहा आणि दोन्ही स्क्रू दरवेळी त्याच क्रमाने आवळा. नळी आणि दस्ता यांच्यामधून पोस्टकार्ड ॲक्शनपर्यंत सरकायला हवं. पावसाळ्यात कुठे अडलं तर तिथलं लाकूड नळीला दाबतंय. सॅंडपेपरने हलकं घासा आणि उघडं लाकूड वॉर्निशने बंद करा.

उन्हाळ्यात सगळं घर कूलरच्या खोलीत झोपतं, आणि कपाटही तिथेच असतं. रायफल तिथे ठेवू नका. कूलर रात्रभर ओली हवा फेकतो, आणि आठवड्याभरात बोल्टवर तांबूस बुरशीसारखा गंज धरतो. कोरडी खोली, कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पिशव्या, काडतुसं वेगळ्या कुलुपात. फोमच्या किंवा कापडी केसमध्ये कायमची ठेवू नका, फोम ओल धरतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेरच्या धातूवर पातळ तेलाचा हात फिरवा. ट्रिगरमध्ये तेल सोडू नका. सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा हवेत असतो, तेलात बसून त्याचा चिखल होतो आणि ट्रिगर एक दिवस आकड्यावर सुटतो, दुसऱ्या दिवशी अडतो.

नळी उगाच घासू नका. २५० ते ३०० फैरींनंतर, किंवा ग्रुप बिघडायला लागला की, मागून रॉड घालून एक-दोन ओले पॅच आणि मग कोरडे, एवढंच. पितळी ब्रश चेंबरजवळ शिशाची कड बसली तरच.

काडतुसं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. गोळीवरचं मेण पातळ होतं, मग पहिल्या दहा फैरी वर-खाली मारतात. रेंजवरही डबी सावलीत आणि चालू असलेलं काडतूस गरम चेंबरमध्ये पाच मिनिटं शेकत ठेवायचं नाही. मार्च ते जूनमध्ये सराव सकाळी नऊच्या आत उरका. त्यानंतर जमिनीवरची लाट काळ्या वर्तुळाला तरंगायला लावते, आणि झिरो त्या तरंगावर बांधला गेला की दुसऱ्या दिवशी सगळं चुकतं.

निवडणुकीचं आधीच बघून ठेवा. आचारसंहिता लागली की शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो, आणि ग्रामपंचायत ते लोकसभा धरलं तर असे महिने बरेच येतात. संघटनेचे क्रीडा नेमबाज असल्याचं पत्र, स्पर्धेची प्रवेशिका आणि सरावाचं वेळापत्रक जोडून सवलतीचा अर्ज जिल्ह्याच्या छाननी समितीकडे पहिल्याच आठवड्यात द्या. सवलत मिळाली नाही तर रायफल स्वतः नेऊन द्या. पोचपावतीवर क्रमांक, बोल्ट, मॅगझिन आणि साइट यांची वेगवेगळी नोंद करून घ्या. नळीत तेलाचा पॅच फिरवून, वरून तेलकट कापड गुंडाळून द्या, कारण मुद्देमालाच्या खोलीत ती महिना-दोन महिने भिंतीला टेकून उभी राहणार आहे. परत आणल्यावर पहिल्या फैरीआधी नळी कोरडी करायला विसरू नका.